सहावा चेहरा

३ तारीख, मंगळवार
ठरलं म्हणजे ठरलं! लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालत म्हातारा होणार नाही मी. फोटो स्टुडिओच्या मालकाने आज तोंडावर सांगितलं — "तीस तारखेपर्यंत सहा चेहरे काढून आण. सहा म्हणजे सहा. आवडले तर माझ्याकडे कामाला ये."
कॅमेरा आहे, जुना का होईना. पण त्याच्याबरोबर आलेली लेन्स खोलीतल्या उजेडात नुसता काळोख टिपते. जास्त उजेड आत घेणारी फिक्स लेन्सच पाहिजे. मालकाकडे पंच्याऐंशी मिलिमीटरची आहे. मलाही तीच हवी.

७, शनिवार
जुन्या मालाच्या दुकानात गेलो. पंच्याऐंशीची किंमत ऐकूनच घाम फुटला. पन्नासची निम्म्याहून स्वस्त. दुकानदार आजोबा म्हणाले, "तुझी खोली केवढी रे?" मी म्हटलं, लेन्सचं विचारतोय, खोलीचं नाही! हसले. माझं ओळखपत्र ठेवून घेतलं. "एक दिवस घेऊन जा. मग बोल."

८, रविवार
फजिती! पंच्याऐंशी लावली आणि मागे सरकत सरकत पाठ भिंतीला टेकली, तरी माझ्या खोलीत राहणाऱ्या वेल्डरचं नाक आणि दोन डोळेच मावतात. तो ओरडतोय, "अजून मागे हो, पड खिडकीतून!" शेवटी संडासात उभं राहून फोटो काढला. खोलीतले सगळे हसून लोळले.

९, सोमवार
पन्नासची घेतली. माझ्या कॅमेऱ्यावर ती तशीही चेहरा जरा जवळ ओढते. मिरवायला पंच्याऐंशी, कामाला पन्नास.

१५, रविवार
लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं होतं — उजेड भरपूर, पण वेल्डरचं नाक लख्ख आणि डोळे धुरात! "घरी नाक पाठवू का?" म्हणतो. तोंड थोडं बारीक केलं, फोकस डोळ्यावर धरला. आता जमतंय. तीन झाले.

२२, रविवार
पाच झाले! उरले इस्त्रीकाका. लॉन्ड्रीत माझ्या शेजारचं टेबल त्यांचं. दोन वर्षांपूर्वी वाफेने त्यांचा उजवा गाल भाजला. घरी सांगितलेलंच नाही, तेव्हापासून गावी गेलेही नाहीत. व्हिडिओ कॉलवर काकूंशी बोलताना डावा गालच दाखवतात. फोटोचं नाव काढलं की उठून जातात.

२६, गुरुवार
आज स्वतःहून खिडकीपाशी येऊन बसले. मी डाव्या बाजूला गेलो.
"तिकडून नको. इकडून काढ."
उजवी बाजू. एकच काढला. पापणीचा केस न् केस दिसतोय!
"आधी तिला पाठवतो. ती काय म्हणते ते कळेपर्यंत कुणाला दाखवलास तर बघ."
दिला शब्द.

२८, शनिवार
काकूंनी फोटो पाहिलाय. उत्तर नाही. काका जेवले नाहीत.

२९, रविवार
अजून काही नाही. वेल्डर म्हणतो, "दे ना गुपचूप. तुझा मालक काय काकूंना ओळखतो?" नाही म्हणजे नाही. पाचच नेईन. हाकललं तर हाकललं!

३०, सोमवार
सहाही फोटो पिशवीत टाकले. निघतोय.
सकाळी काकांना काकूंचा फोन आला. गाल भाजला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाल्या, "तुम्हाला डावीकडून बोलायला बरं वाटत होतं. मग बोलू दिलं."