फायटरच्या टाकीतली वाळू

राधिका,

तुला गाढ झोप लागली होती, म्हणून न उठवताच ऑफिसला निघालो. आई दुपारी निर्मळहून येतेय. जेवण तीच आणेल, तू काही करत बसू नकोस.

काल सकाळी तू म्हणालीस, "फायटर माशाच्या टाकीत खाली नुसती वाळू आहे, किती भकास दिसतं." बाळ गेल्यापासून तू आपणहून बोललीस ते हेच. म्हणून संध्याकाळी घरी येताना ॲक्वेरियमच्या दुकानात शिरलो.

मला हिरवळीसारखं पसरणारं बारीक गवत आवडलं होतं. दुकानदार म्हणाला, "त्याला जोरदार लाइट लागतो, पाण्यात कार्बन डायऑक्साइड गॅसही सोडावा लागतो. पहिल्यांदाच लावताय तर हे शेवाळासारखं मॉस न्या. साध्या ट्यूबलाइटवरही वाढतं, फक्त हळूहळू."

मॉस मोरीतल्या छोट्या बादलीत, पाण्यात ठेवलंय. बाजूला प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा आहे. त्यावर मॉस पातळ पसरून दोऱ्याने बांधायचं आणि जाळी वाळूवर बसवायची. जाळीच्या कडा मी घासून घेतल्यात, नाहीतर माशाचे पंख फाटतात.

करावंसं वाटलं तर कर. नाहीतर राहू दे, मी आल्यावर दोघं मिळून करू.

आई पाळण्याचा विषय काढेल, कुणाला तरी देऊन टाकू म्हणेल. मी तिला फोनवर सांगितलंय, राधिका म्हणेल तेव्हाच. तू उत्तर द्यायची गरज नाही. पाळणा आहे त्या खोलीत अजून मलाही जाववत नाही.

अनिश