माळ, शेवाळ आणि बधिर पावलं

१८ डिसेंबर
डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं – बी-१२ तळाला गेलंय, पावलं म्हणून बधिर. असंच राहिलं तर चालणंही जाईल. उपाय साधा, इंजेक्शनं. आणि हे? खुर्चीतून उठून थेट बाहेर! "सुईतलं औषध बोकडाच्या कलेजीतून काढतात. धोंडू सांगत होता." धोंडू म्हणजे यांच्या भजनातला पखवाजवाला. डॉक्टर म्हणाले, हल्ली ते जिवाणूंपासून बनवतात. ऐकतंय कोण! गोळ्यांवरही तोच संशय. दुधातून थोडं मिळालं असतं, तर ते यांना पचत नाही.

जन्म बोटीवर काढलेला माणूस. बांगड्याशिवाय घास उतरत नसे. मग तुळशीची माळ घातली आणि दारू सुटली. त्यासाठी त्या माळेला मी रोज हात जोडते. काढा, असं कधी म्हणणार नाही. पण मासेही सुटले ना!

२१ डिसेंबर
सुचलं! शेवाळ. माशातली चांगली चरबी मुळात येते शेवाळातूनच. मग मधला मासा हवा कशाला? जीवनसत्त्वंही असणारच. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले ते काय फुकट?
"समुद्रातलं ना ते?" – हे.
"मीठ कुठलं खाता?"


२३ डिसेंबर
ओहोटीला गणेशगुळ्याच्या खडकांवर गेले. हिरवं, पानासारखं पातळ शेवाळ पिशवीभर आणलं. शेजारची दर्शना कुंपणावरून – "काकू, गुरं पाळलीत की काय?" हसू दे! चारचारदा धुतलं, उकळलं, पाणी फेकलं, खोबरं घालून भाजी केली. यांनी डोळे मिटून खाल्ली, एरंडेल घेतल्यासारखी.

९ जानेवारी
रोज भाजी, थालीपीठ, वडी. फरक शून्य.
आज हे आंघोळीच्या पाण्याच्या चुलीपाशी बसले होते. निखारा पावलावर पडला. करपल्याचा वास मला आला, यांना पत्ता नाही! टपोरा फोड आलाय. मलम लावलं. रागानंच.

१२ जानेवारी
ईशाचा फोन. बहिणीची मुलगी, मत्स्यशास्त्र शिकवते. "मावशी, चरबी त्यात नावाला. असते ती चांगली, पण मिळणार किती? आणि उकळून पाणी फेकलंस? अगं, ब आणि क जीवनसत्त्वं मोरीत गेली!" बी-१२चं विचारलं. "बऱ्याच शेवाळांत त्याचं तोतया रूप असतं. शरीराला त्याचा उपयोग नाही. काकांना सुई दे सरळ."
तोतया! इतके दिवस तोतया शिजवत होते मी! आणि म्हणे सुई दे. जशी काही मीच लपवून ठेवल्येय!

१३ जानेवारी
कालच आणलेलं ताजं शेवाळ न उकळता कोशिंबिरीत घातलं. हट्टच माझा. यांनी घास घेतला, थांबले, तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं. तांदळाच्या दाण्याएवढी गोगलगाय.
"अगो, माझी माळ बाटवलीस."
ओरडले असते तर बरं झालं असतं. 

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेतला. बोलले नाहीत.

१६ जानेवारी
सकाळी न सांगता एस.टी.नं रत्नागिरीला! या पायांनी! दुपारपर्यंत जीव टांगणीला. आले ते दंडावर कापूस चिकटवून.
"टोचून आलो."
"आणि धोंडूभाऊंची कलेजी?"
"ती कोणी बघितल्येय? तुझी गोगलगाय मात्र या डोळ्यांनी बघितली. आता ते शेवाळ नको. त्यापेक्षा सुई बरी."
डॉक्टर झाले, ईशा झाली, मी घसा फोडला. ऐकलं कुणाचं, तर गोगलगायीचं! संताप संताप झाला.

११ फेब्रुवारी
इंजेक्शनं चालू आहेत. पावलं तशीच. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.
त्या उशिरातले शेवाळाचे दिवस माझे.

५ मार्च
पावलांत फरक काही नाही.

२७ मार्च
अंगणातून मोठ्यानं ओरडले – "अगो, ही नवी वहाण चावत्येय!"
कुठे, म्हणून विचारलं. करंगळीपाशी, म्हणाले.
मी पुन्हा विचारलं, नुसतं ऐकायला.