हळू बोलायची सोय

प्रिय दीपू,

पाकीट बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. मोबाइलवरच लिहायला घेतलं होतं, पण अंगठ्याने इतकं लिहिणं मला जमेना, म्हणून कागद काढला.

आधी विमानाची खबर. ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी घरच्या घरी विमान बांधायला काढलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "बाबा, लोक निवृत्त होऊन बाग करतात." बाग तुझ्या आईने केली, आणि माझं दोन जणांचं विमान सगळ्या परवानग्या मिळून गेल्या वर्षी उडायला लागलं. चांदवडच्या अलीकडे माझा मित्र लहानू याने स्वतःच्या माळावर धावपट्टी केली आहे, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते असतं. आई पहिल्यांदा माझ्याबरोबर बसली. उतरल्यावर म्हणाली, "छान आहे. पण मला परत नको."

तिला भीती वाटली असेल असं तुला वाटेल. तसं नव्हतं. आता जे सांगतो ते तुला सांगायचं नाही असं तिने मला बजावलं होतं, म्हणून इतके दिवस गप्प होतो. आईला तीन-चार वर्षांपासून कमी ऐकू येतं. आधी मला वाटायचं, हिचं लक्ष नसतं. कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या, मग पेठच्या शाळेतल्या तिच्या जुन्या मैत्रिणी आल्या की ती नुसती हसून मान हलवायला लागली. दिवाळीनंतर मी तिला जवळजवळ ओढूनच कॉलेज रोडला तपासायला नेलं. आता दोन्ही कानांत छोटी यंत्रं आहेत. केसांखाली दिसतही नाहीत.

विमानात मात्र पंचाईत झाली. इंजिनाचा आवाज एवढा, की दोघांना हेडफोन लावूनच बोलावं लागतं. तिच्या यंत्रावर हेडफोन चढवला की शिट्टी वाजते, आणि यंत्र काढलं की काहीच कळत नाही. म्हणजे ती तासभर माझ्या शेजारी बसून मुकाट खाली बघत होती. यंत्रं बसवून देणारी सरिता म्हणून मुलगी आहे, तिने सहज सांगितलं, "काका, ही यंत्रं ब्लूटूथवर चालतात, टीव्ही थेट कानात येतो." मी घरी येईपर्यंत डोक्यात वायरिंग करत होतो.

विमानासाठी बनवलेलं तयार यंत्र फार महाग. मी मेन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून काडेपेटीएवढ्या दोन स्वस्त सर्किटच्या पट्ट्या आणल्या. एक आमचं बोलणं बिनतारी आईच्या कानात पोचवते, दुसरीने मोबाइल विमानातल्या हेडफोनला जोडला जातो. पहिल्या दिवशी इंजिन सुरू केलं तर बोलण्यापेक्षा घुंईं असा आवाजच जास्त. तो वीज बनवणाऱ्या जनित्रातून येत होता. मधे छोटा ट्रान्सफॉर्मर घातला तेव्हा गेला. मग लहानूला शेडबाहेरून फोन करायला लावला. त्याला माझा आवाज फाटका येई, कारण हेडफोनचा माइक मोबाइलला झेपेल त्यापेक्षा जोरकस होता. दोन रेझिस्टर लावल्यावर तो ओरडला, "आता लय भारी येतंय!" रेडिओला मी हात लावला नाही. त्याची तार वेगळीच आहे, आणि रेडिओ बोलला की बाकी सगळं आपोआप गप्प होतं.

गेल्या रविवारी सकाळी आईला म्हटलं, एकदाच चल. आली. कानात तिची यंत्रं, वर साधी कानटोपी, तोंडापाशी छोटा माइक. वर गेल्यावर खाली कांद्याच्या चाळी आणि द्राक्षांचे मांडव दिसायला लागले, तेव्हा मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "सुवर्णा, ऐकू येतंय का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. आवाज कानात पोचायला किंचित उशीर होतो, त्यामुळे मी काही गमतीचं बोललो की तिचं हसू जरा मागून यायचं. मी मुद्दाम बोलत राहिलो. डोंगर दाखवले, लहानूच्या म्हशी दाखवल्या.

मग ती म्हणाली, "अहो, तुम्ही माझ्यावर रागावलेले नव्हता तर."

मला समजेना. ती म्हणाली, "तीन वर्षं माझ्याशी ओरडूनच बोलताय. मला वाटलं, हे मला कंटाळले." दीपू, मी ओरडत होतो ते तिला ऐकू जावं म्हणून, आणि यंत्रं आल्यावरही ती सवय सुटली नव्हती. त्यानंतर मी हळू बोललो, लग्न नवीन असताना तुझ्या आजोबांच्या घरात बोलायचो तसं. काय बोललो ते तुला कशाला सांगू.

उतरायच्या आधी तिने विचारलं, "दीपू मला फोन का करत नाही? तुम्हालाच करते." मला ठाऊक होतं, तूच मला सांगितलं होतंस. गणपतीत तू रडत तिला फोन केलास, नोकरी गेली म्हणालीस, आणि आई म्हणाली, "अरे वा, छान झालं! जेवलीस का?" "तिला माझं काही पडलेलंच नाही," असं तू म्हणालीस, ते चुकीचंही नव्हतं, तुला तेच दिसलं. मी तिला सगळं सांगितलं. तिला तेव्हा तू सुट्टी मिळाली म्हणालीस असं वाटलं होतं. रविवारपासून रोज फोन हातात घेते आणि ठेवून देते. तू उचलला नाहीस तर, याची धास्ती. काल मला म्हणाली, "तुम्ही लिहा तिला. नवी नोकरी लागली हे तुमच्याकडून कळलं, पण जुनी कशी गेली ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय. आता ऐकू येतं म्हणावं. पहिल्यापासून सांग म्हणावं, सगळं."

तुझाच,
बाबा