सोमवारी जू नाही

आष्टा,
सोमवार, ता. १४ जुलै २०२५

फरीदा,

मायना काय घालावा ह्यात माझा एक चहा गार झाला. चि. लिहावं तर तू पन्नाशीला टेकलेली, नात झालेली बाई. सौ. लिहावं तर तुझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटी नुसतं फरीदा लिहिलं. तेवढं चालवून घे.

इकडं मी बरी आहे. तिकडं रहिमतपूरला तू, तुझी तरन्नुम आणि तिची पोर बऱ्या असाल. पोरीचं नाव काय ठेवलं ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तुला वाटेल, म्हातारीकडं फोन आहे, मग तिसरीतनं शाळा सोडलेल्या बाईनं कागद कशाला काळा केला? फोनवर माझं तोंड माझं ऐकत नाही. हॅलो म्हणायच्या आधी शिवी येते, आणि तू कट करशील. कागद कट करता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस वाचतंच. तू तर वाचशीलच. शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय तू टाकत नाहीस.

बातम्या अशा. ऊस कमरेला लागलाय. बेंदूर गेल्या आठवड्यात झाला. बैल आता गल्लीत कुणाकडंच नाहीत, लोक मातीचे आणून पुजतात. शेजारच्या क्रांतीनं पोळी आणून दिली, पुरण कच्चं होतं. तीच सकाळी तासभर येऊन माझ्या भाकरी टाकून जाते. तिच्या भाकरीला पापुद्रा सुटत नाही. बिचारी फुकट करते, तोंडावर कसं सांगायचं? सांगितलं.

तू गेल्याला आज एकवीस दिवस.

काल पुण्याहून मानसिंगचा फोन आला. म्हणाला, "आई, फरीदाताई परत यायला तयार हायेत. पण आठवड्याला एक दिवस सुट्टी, आन त्याचा पगार कापायचा न्हाई. म्या व्हय म्हणून बसलोय."

मी म्हटलं, "मला न विचारता?"

"पगार म्या देतो."

"आन तिच्यासंगं चोवीस तास कोण काढतं?"

"चोवीस तास, आई. त्याचंच तर चाललंय."

पलटणीत वीस वर्षं काढलेला पोरगा. आईला उलट बोलायचं तेवढं तिथं शिकला. मी फोन ठेवला.

तू येणार हे ऐकून मला बरं वाटलं. लय बरं वाटलं. पण मग पुढ्यातलं ताट काही संपेना. तू यायच्या आधी एक गोष्ट तुला माहीत पाहिजे, आणि ती कळल्यावर यायचं की नाही ते तू ठरवायचं. ती पुढं लिहिते. आधी भांडणाचं लिहिते, ते सोपं आहे.

त्या दिवशी तू पेपर वाचून दाखवत होतीस. कुठल्याशा बाहेरच्या देशात, घरात राहून काम करणाऱ्या बाईला आठवड्यातनं एक दिवस सुट्टी द्यायचा नियम आहे म्हणे, आणि त्या दिवशी राबवली तर जादा पैसे. ती बातमी तू दोनदा वाचलीस. दुसऱ्यांदा मोठ्यानं. मी बहिरी नाही.

मी म्हणाले, "मग जा की तिकडं, इमानात बसून."

तू म्हणालीस, "तिकडं कशाला, आक्का? हितंच मागते. चौदा महिनं झालं, मला माझा म्हणून एक वार न्हाई."

"आन दर आठवड्याला बाजारला जातीस, ती काय सुट्टी न्हाई?"

"पिशव्या तुमच्या, यादी तुमची, आन सुट्टी तेवढी माझी व्हय?"

मग सगळेच जे पुढं करतात ते मी पुढं केलं. म्हणाले, "तू घरातली हायेस. घरातल्या माणसाला कसली सुट्टी?"

तू पेपरची घडी घातलीस आणि म्हणालीस, "घरातली असते, तर तरन्नुमला भेटाय गेले त्या चार दिवसाचा पगार तुमी कापला नसता."

आणि पिशवी भरून एसटीला गेलीस. पण जायच्या आधी माझ्या गोळ्या वारावारी डबीत लावून गेलीस. भांडून जाणाऱ्या बाईनं गोळ्या लावायच्या नसतात. मला धड रागसुद्धा धरता येईना.

ते चार दिवस कापायला मानसिंगनं सांगितलं नव्हतं. त्यानं पुरा पगार पाठवला होता. कापले मी. सोळाशे रुपये डाळीच्या डब्याखाली तसेच आहेत. मला त्यांचं काही घ्यायचं नव्हतं. तू विचारल्याशिवाय दोन दिवस जादा राहिलीस, त्याची अद्दल म्हणून कापले. आता वाचताना हे किती वाईट दिसतंय. आलीस तर हातात देईन, नाही आलीस तर मनिऑर्डर करीन.

आता आमच्या मालकांचं ऐक. हंबीररावांना तू फोटोतच बघितलंस, हार मात्र तूच बदलतेस. आमच्याकडं सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही अशी रीत होती. महादेवाचा वार. एका साली पेरणीजोगी ओल जमिनीत बसली ती नेमकी सोमवारी. वर ऊन कडक. एक दिवस गेला की ओल उडणार. मी बांधावर उभी राहून म्हणाले, "आवं, जुंपा की. देव काय हितं बघाय येतोय?"

ते म्हणाले, "देवाचं न्हाई गं. त्याला मागाय तोंड न्हाई, म्हणून त्याचा वार आपण खायचा व्हय?"

मंगळवारी पेरलं. ज्वारी विरळ उगवली आणि मी त्यांना त्यावरून चार वर्षं टोचलं. आज सोमवार, म्हणून सकाळी दात घासता घासता ते आठवलं. बैलाला तोंड नव्हतं, तरी त्यांनी त्याचा वार खाल्ला नाही. तुला तोंड होतं, तू मागितलास, आणि मी खाल्ला. चौदा महिन्यांचे सगळे खाल्ले. बैलाशी जोडलं म्हणून फुगू नको. बैलाला ह्या घरात मान होता.

झालं. आता लांबवायला काही उरलं नाही.

मे महिन्यात तरन्नुमचे दिवस भरले म्हणून तू दोन दिवस मागितलेस. मी हो म्हणाले. सकाळी तू पिशवी घेऊन दारात, आणि मी छातीला हात लावून खाली बसले. तू पिशवी टाकलीस. डॉक्टरला बोलावून आणलंस. तो म्हणाला, गॅस असेल, पण आज एकटं ठेवू नका. तू गेली नाहीस. त्याच दिवशी तरन्नुम बाळंत झाली, पोर अशक्त म्हणून काचेच्या पेटीत ठेवली, आणि तुझ्या लेकीच्या उशाशी तिची आई नव्हती. तू गेलीस ती आठव्या दिवशी.

फरीदा, माझ्या छातीत काही दुखत नव्हतं.

लिहिलं.

कारण सांगते, ते माफीसाठी नाही. तू कामाला लागायच्या आधी मी मोरीत पडले होते हे तुला ठाऊक आहे. किती वेळ पडून होते ते कुणालाच ठाऊक नाही. मानसिंगला पाच मिनिटं म्हणाले. खरं म्हणजे सकाळचा दूधवाला दारात हाक मारून निघून गेला, माझा आवाजच फुटेना. त्यानंतरचं माणूस दिवस मावळताना आलं. तोवर नळाचा थेंब पडत होता आणि मी तो ऐकत होते. मे महिन्यात तुझी पिशवी दारात बघितली आणि मला तो नळ ऐकू आला. भ्या वाटलं. शहात्तर वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि बघ, कागदावर दोन शब्दांत मावलं.

आता एकवीस दिवस मी एकटीच आहे. मोरीत लोखंडी खुर्ची ठेवलीय. आतनं कडी लावत नाही. फोन दोरीनं गळ्यात अडकवलाय, म्हशीच्या घंटीसारखा. पडले नाही. म्हणजे आठवड्यातला एक दिवस मी निभावते. हे मे महिन्यात करून बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा तू होतीस, मग कशाला करून बघतेय?

तर सोमवार तुझा. रविवारी दुपारी जायचं, मंगळवारी सकाळी यायचं. कराडला गाडी बदलण्यात जो वेळ जातो तो तुझ्या सुट्टीत धरायचा नाही. पगार पुरा. हे तू आलीस तर. हे वाचून नाही आलीस तर मी समजून घेईन, फक्त समजून घेतलं असं गल्लीत कुणाला कळू देणार नाही.

शालूबाई

आष्टा,
शुक्रवार, ता. २५ जुलै २०२५

फरीदा,

तुझं पत्र काल पोचलं. क्रांती म्हणाली वाचून दाखवते, मी तिच्या हातातनं ओढून घेतलं. अक्षर चांगलं आहे तुझं. मग वाण्याची यादी तेवढी गिचमिड का लिहितेस?

तू लिहिलंस, "आक्का, छातीत दुखत नव्हतं ते मला त्याच दिवशी कळलं. डॉक्टर गेल्यावर तुमी दोन भाकरी आन ठेचा खाल्ला. पण तुमी माझं मनगट धरलं होतं ते सोडंना. हात गार पडला होता. म्हणून ऱ्हायले. मला राग त्याचा न्हाई. चार दिवस कापले त्याचा हाय."

हे मी तीनदा वाचलं. मग असं हसू फुटलं की क्रांतीला वाटलं म्हातारीला झटका आला, ती पाणी घेऊन पळत आली. दोन महिने मी ते छातीवर घेऊन बसले, आणि तुला भाकरीवरनंच कळलं होतं! कळलं होतं तर बोलायचं नाहीस? आणि ठेचा नव्हता, लसणाची चटणी होती. तेवढं दुरुस्त कर.

तुझ्या अटी. सोमवार तुझा, मान्य. पगार कापायचा नाही, मान्य. बाजाराचा दिवस सुट्टीत धरायचा नाही, अगं मान्य. "सोमवारी फोन करायचा न्हाई" हे वाचून मी चष्मा पुसला आणि परत वाचलं. तेच होतं. बरं, मान्य. पडले तर क्रांतीला करीन. नाही पडले तर कुणालाच करणार नाही, गप बसेन. ते जमतं का बघू.

पोरीचं नाव रुमाना ठेवलं ते कळलं. अंगानं भरली, आता रडते तर मशिदीपर्यंत ऐकू जातं, असं लिहिलंस. ते वाचून मी खाली बसले. ह्या वेळी खरंच.

एकदा तिला इकडं घेऊन ये. सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी आण. म्हणजे तुझा वारही मोडणार नाही आणि मला पोर बघायला मिळेल.

मंगळवारी येतेस तर सकाळच्याच गाडीनं ये. सोमवार तिथंच घालव, तो पहिला. महिन्याभराचे पेपर मी साठवून ठेवलेत, क्रांती वाचते पण मधल्या मधल्या ओळी गाळते. ती परदेशातली बातमी कापून हंबीररावांच्या फोटोमागं ठेवलीय. हार बदलताना सांभाळून.

गोळ्यांची डबी संपल्यावर मी माझी मीच भरली. शुक्रवारच्या कप्प्यात काय घातलंय कोण जाणे, ते तू आल्यावर बघ. सोमवारचा कप्पा मात्र दोनदा तपासून नीट भरलाय. तो आता माझा मला भरता आला पाहिजे.

शेवटी तुझी अमकी म्हणून काय लिहायचं त्यातही अडले. तुझी मालकीण लिहिणार होते, पण तुझा एक वार माझ्या मालकीचा राहिला नाही. म्हणून,

आठवड्यातले सहा दिवस तुझी,
शालूबाई