बाटलीत पाणीच आहे असं वाटलं

प्रिय ताई,

तू पाठवलेला सेंट मागच्या शनिवारी लावला. कसा होता ते मला सांगता येत नाही, आणि तेच सांगायला बसले आहे. परवापासून मी सुन्न आहे. घरातली कामं हात आपोआप करतात, मी बाजूला उभी राहून बघितल्यासारखी बघते.

चष्म्याच्या दुकानात मी कधी सेंट लावला नाही, तुला माहीतच आहे. गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवायची म्हणजे नाकाला नाक लागेल इतकं जवळ जावं लागतं. पन्नाशीला टेकले तरी साबणापलीकडे अंगाला काही ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी मी ग्रंथपालांबरोबर कॉफी प्यायला जाणार होते. हो, तेच, चष्मे हरवून सारखे दुकानात येणारे. इतकं वेंधळं कुणी नसतं हे दुकानात सगळ्यांना कळलं होतं, मलाच उशिरा कळलं. हसू नकोस.

तू फोनवर सांगितलंस तसंच केलं. अंघोळीनंतर अंग कोरडं करून मनगटांवर एकेक फवारा, कानामागे थोडा, चोळायचं नाही. मनगट नाकाशी नेलं, तर काहीच नाही. म्हटलं, मुरायला वेळ लागत असेल. थोड्या वेळाने पुन्हा मारला. मग गळ्यावर, बाहीवर, केसांवर. शेवटी तुझाच राग आला. ताईला कुणीतरी पाणी भरलेली बाटली विकली आणि ही शहाणी न उघडताच पाठवून मोकळी झाली, असं वाटलं.

कॉफीच्या दुकानात आम्ही बसलो आणि शेजारच्या टेबलावरची बाई उठून लांब गेली. ग्रंथपालांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मला वाटलं भावनेने, मीही जरा विरघळले. तेवढ्यात ते लागोपाठ शिंकले आणि रुमालाआडून हळूच म्हणाले, "रागावणार नसाल तर विचारतो, आज सेंट जरा जास्त झालाय का?" मी म्हटलं, "त्याला वासच नाही हो." त्यांनी रुमाल खाली ठेवला. मग म्हणाले, "डोळे मिटा." मी मिटले. "आता कसला वास येतोय?" म्हटलं, "कसलाच नाही." डोळे उघडले तर वाफाळती कॉफी माझ्या नाकाखाली धरलेली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माझाही पडला असणार.

कधीपासून असं झालं, ते मला आठवेना. गेल्या हिवाळ्यात दूध करपून भांडं काळं झालं, तेव्हा शेजारीण धावत आली होती आणि मी पलीकडेच इस्त्री करत होते. म्हटलं, लक्ष नव्हतं. जेवणाची चव गेली तेव्हा म्हटलं, एकटीच्या स्वयंपाकाला कुठली चव. माणूस स्वतःला किती पटकन समजावतो गं.

मी नको नको म्हणत असताना ग्रंथपाल मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. नाकात काहीच सापडलं नाही, म्हणून डोक्याचा फोटो काढायला लावला. कपाळाच्या मागे, मेंदूला चिकटून गाठ आहे. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवली. लिंबाएवढी. मी विचारलं, "ही माझीच ना?" दुसरं काही सुचलंच नाही. बरीच वर्षं हळूहळू वाढत असावी म्हणाल्या. कॅन्सरची वाटत नाही, पण डोळ्यांच्या नसांना भिडायला आली आहे. आणखी उशीर झाला असता तर नजर गेली असती. ताई, जन्मभर मी लोकांना नीट दिसावं म्हणून राबले. वास परत येईल का विचारलं, तर त्यांनी मान हलवली. बहुतेक नाही.

पुढच्या बुधवारी ऑपरेशन आहे. ग्रंथपाल दवाखान्यात थांबतो म्हणालेत, आणि थांबतीलही. पण भुलीतून जागी होताना मला तू हवी आहेस. फोन केला नाही, कारण तू रडली असतीस आणि मीच तुझी समजूत घालत बसले असते. आई गेली तेव्हा घातली, भावोजी गेले तेव्हाही घातली. या वेळी तेवढी ताकद नाही माझ्यात. तेव्हा हे वाचून झालं की तिथेच पोटभर रडून घे, तोंड धू, आणि ये. मला एकदा तुझ्यासमोर रडायचं आहे.

तुझीच,
धाकटी