निळ्यावरचं बोट

वारूळवाडी, मे २००२

ऋषी,

गाव धरणात गेलं, त्यावर तू कविता लिहिलीस, 'आता या पाण्यालाच आपलं म्हणू'. पुस्तकासाठी तिचं चित्र माझ्याकडं मागितलंस. मी तीनदा काढलं आणि तिन्ही वेळा आपलं घर आलं. 'दादा, कवितेत घर नाही,' म्हणून तू परत पाठवलंस. पाट्या रंगवणारा माणूस मी, लई दमलो रे.

काल नुसतं पाणी रंगवलं. ओला कागद आईला दाखवला. तिनं निळ्यावर बोट टेकवलं. "हितं आपली चूल व्हती."

ठसा उमटला. बुजवायला ब्रश उचलला, पण हात धजावला नाही. तू त्याला डाग म्हणशील, म्हणून चित्र माझ्याकडंच ठेवून घेतो, हे पत्रही.

अजून त्याच घरातला,
गोरखदादा