हात कापतात की गाडी

मंगळवार, दिवेलागण

दोन महिने मी गप्प होतो. गाडीचं स्टिअरिंग थरथरायचं आणि मला वाटायचं, आपलेच हात कापतायत. सत्तरी उलटली, दुसरं काय असणार? लेकाला कळलं तर तो गाडी विकायला लावील, या भीतीने बोललोच नाही. बायकोला परतूरला तिच्या बहिणीकडे नेताना चाक नुसतं आवळून धरायचो.

आज बदनापूरच्या रशीद मिस्त्रीने गाडी फाट्यापर्यंत चालवून पाहिली. मी शेजारी बसून त्याचेच हात बघत होतो. तेही थरथरत होते. तिशीतला गडी!

"काका, स्टिअरिंग चाकाला जोडणारा टायरॉड पार ढिला झालाय. अशी चालवून राह्यले तुम्ही? मंग बसनं जा घरी."

बसमध्ये मला हसू येत होतं. लेकाला फोन केला.

"अण्णा, भंगारात द्या ती. जुन्या गाडीवर खर्चा कशाला? अन् तुमचं वय..."

"माझे हात बराबर हायेत. गाडी दुरुस्त होणार," म्हणालो आणि फोन ठेवला.

उद्या काम झालं की पहिली चक्कर मीच मारणार. आणि तेव्हाही चाक थरथरलं तर? तर किल्ली मी आपणहून लेकाला देईन. कुणी मागितली म्हणून नाही.